तिची वकिली तू करू नकोस

कोल्हापूर, रविवार

प्रिय बाळ,

तुझी क्लिप आणि पटकथा दोन्ही मिळाल्या. दिवसा पतसंस्थेच्या काउंटरवर नोटा मोजणारी कॅशियर, रात्री मुखवटा चढवून खाजगी सावकारांच्या तिजोऱ्या नुसत्या हातांनी फाडणारी बाई. पेठेतल्या पोरापोरींनी असला सुपरहिरोपट काढायचा म्हणजे नाद खुळाच! भूमिका तुला मिळाली याचा आनंद वेगळा सांगत नाही. आता क्लिपबद्दल.

त्यात तू अभिनय कमी आणि वकिली जास्त केलीस. सावकाराचं बोट मोडायच्या आधीच डोळे भरून आणलेस, आवाज कापरा केलास. गुन्हा घडायच्या आत जामीन मागून मोकळी झालीस. तिला माफ करायचं की नाही, हे बघणाऱ्याला ठरवू तरी दे. अगं, त्या घटकेला तिला जमीन गमावलेला बाप आठवत नसणार. गहाणखताची फाइल कुठल्या कपाटात आहे तेवढं तिला हवंय आणि समोरचा माणूस सांगत नाहीये. तेवढंच कर.

'लोगन' (2017) पुन्हा बघ, पण मारामारीसाठी नको. ह्यू जॅकमन 2000 सालापासून वूल्व्हरीन, म्हणजे मुठीतून धातूची पाती काढणारा सुपरहिरो, करत आला होता. इथे त्याने म्हातारपण अंगावर घेतलं. लंगडतो, खोकतो, वाचायला चष्मा लागतो, पंजातलं एक पातं धड बाहेर येत नाही. सुरुवातीला चोरटे त्याच्या गाडीची चाकं काढत असतात आणि हा आत झोपलेला. उठून तो आधी त्यांना नको म्हणतो. त्या नको म्हणण्यातच कळतं, की पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग जे होतं ते बघवत नाही. जॅकमन तिथे कुठेही आपली बाजू मांडत बसत नाही. माणूस थकलाय, चिडलाय आणि मारण्यात तरबेज आहे, बास.

तू विचारलंस, बापाची जमीन गेली ते पटकथेतच आहे, मग ते दुःख दाखवायचंच नाही का? दाखव की. पण माफीची पावती म्हणून पुढे करू नकोस. 2000 सालच्या 'एक्स-मेन'ची सुरुवात 1944 मधल्या पोलंडच्या छळछावणीत होते. एका मुलाला आईबापांपासून ओढून नेतात आणि लोखंडी फाटक वाकायला लागतं. तो मुलगा म्हणजे मॅग्नीटो, लोखंडाला नुसत्या मनाने हलवणारा त्या सिनेमाचा खलनायक. पुढे हाच माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला आपल्या यंत्रात अडकवतो, ती यातून वाचणार नाही हे माहीत असताना. पहिल्या प्रसंगाने दुसरा धुऊन निघत नाही, उलट जास्त बोचतो. आणि मॅग्नीटो झालेला इयन मॅकेलन हे सगळं शांतपणे, समजूत काढल्याच्या सुरात करतो. मला त्या सुराचीच धास्ती वाटते. 'ब्लॅक पँथर'मधल्या किलमंगर या खलनायकाचंही तेच. त्याचे प्रश्न खरे आहेत म्हणून आपण त्याच्या बाजूला सरकायला लागतो, आणि हा गडी स्वतःच्या जोडीदारणीलाच गोळी घालतो.

आता तुझ्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडलेली अडचण. सावकार आपल्या गावच्या पडद्याला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' 1925 साली काढला, शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. जमीन जाते आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. त्याच्याकडे लोखंड वाकवणारे हात नव्हते. तुझ्या बाईकडे ते आहेत, आणि कायदाही आहे. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकारीला शिक्षा आहे, हडपलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे, सहकार खात्याकडे तक्रार करता येते. पतसंस्थेत नोकरी करणारीला हे ठाऊक नाही, असं कोल्हापुरात कोण मानेल? मग ती तिकडे का गेली नाही? गेली आणि हेलपाटे घालून दमली? भ्याली? की बोट मोडण्यात जी मजा आहे ती अर्ज करण्यात नाही? लेखकाला विचारू नकोस, तूच ठरव आणि कुणाला सांगू नकोस. माझं मत विचारशील तर तिसरं. पहिली दोन धरलीस तर पुन्हा वकिली सुरू होईल.

आणि हात. कॅशियर कधी नीट बघितलीयस का? ओल्या स्पंजला बोट लावायचं, गठ्ठ्याचा कोपरा अंगठ्याने सोडवत जायचं, नजर अधूनमधून समोरच्या गिऱ्हाइकावर, ओठ न हलवता आकडा चालू. शंभर झाल्या की रबर. एखाद्या पतसंस्थेत बाकावर बसून हे बघून ये. मग सावकाराचा पंजा तसाच हातात घे, एकेक बोट अंगठ्याने वेगळं काढत, मनात मोजत. चेहऱ्याने काही करू नकोस. मुखवट्याखाली तो निम्मा झाकलेलाच आहे आणि तू भुवया उडवतेयस!

शिट्ट्या पडणार, आपलं पब्लिक आहे. त्या तुझ्या हातात नाहीत. 1974 साली कॉमिक्समध्ये आलेला पनिशर गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटतो; त्याच्या छातीवरची कवटी अमेरिकेत पोलिसांनी, सैनिकांनी मिरवायला सुरुवात केली, तेव्हा त्या पात्राच्या जनकांपैकी गेरी कॉनवे यालाच जाहीरपणे नापसंती दाखवावी लागली. तुझ्या हातात आहे ती दारात उभी असलेली सावकाराची पोरगी. दिग्दर्शकाने तिला जेमतेम एक शॉट दिलाय. त्याला म्हणावं, वाढव. आणि तू तिच्याकडे बघ. नजर चोरू नकोस, डोळ्यांनी माफीही मागू नकोस. उद्या हीच पोरगी फीचे पैसे काढायला तुझ्या काउंटरवर येणार आहे, असं धरून चाल.

'मीच न्याय आहे' हे वाक्य मात्र आजच काढायला लाव. लेखक रुसेल, त्याला मिसळ खायला घाल.

बुधवारी संध्याकाळी तालमीला ये. येताना मुखवटा आण. त्यातून बोलताना तुझा श्वास माइकवर फुसफुसतोय, त्याचं आधी बघू.

तुझे सर