तीन आमदार आणि प्लास्टिकचे कणे

प्रश्न : लेक साउथ कॅरोलायनात असते. तिच्याकडे राज्य सिनेटच्या निवडणुकीत गर्भपातविरोधी पत्रकं यायची. एवढ्या छोट्या निवडणुकीत त्यांचा काय उपयोग?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काकू, उपयोग तिथेच जास्त! कॅट्रिना शीली, सँडी सेन आणि पेनरी गुस्टाफसन या तीन रिपब्लिकन सिनेटरांनी २०२३मध्ये जवळजवळ संपूर्ण गर्भपातबंदीचं विधेयक रोखलं. तेव्हा गर्भपातविरोधी गटाने त्यांना प्लास्टिकचे छोटे कणे पाठवले, ‘कणा दाखवा’ म्हणून. (माझ्या मते हा निव्वळ आगाऊपणा.) जून २०२४मध्ये तिघीही पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत पडल्या, सेनबाई तर अगदी थोडक्या मतांनी. ४६ जणांच्या सिनेटमध्ये रिपब्लिकनांची एकही बाई उरली नाही. पराभवाची कारणं आणखीही असतील. पण अशा मतदानाला येतात थोडे, आणि जे येतात ते कट्टर. त्यांच्यापुढे पत्रक चालतं.

सार्वत्रिक निवडणुकीत हेच उलटतं. व्हर्जिनियाचे तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी २०२३मध्ये गर्भधारणेच्या पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातबंदीचा मुद्दा पुढे केला, आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली.