आधी कीपर, मग बाकीचं

पोरी,

कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीमचं काय करू असं विचारणारा तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर मी चिडतो आणि तू "हो सर, हो सर" करत बसतेस, त्यातनं काही निघत नाही, म्हणून लिहितोय. धीर वगैरे देत नाही, तुला त्याची गरज नाही. तासिका तत्त्वावरच्या पैशात संध्याकाळी सातपर्यंत मैदानावर कोण थांबतं ते मला माहितीय, त्यामुळे तो विषय संपला.

तू सगळं लिहिलंस. झोनलला, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, पहिल्याच मॅचमध्ये ९-० नं हरलात. त्याच्या आदल्या वर्षी अकरा पोरी जमल्या नाहीत म्हणून वॉकओव्हर. प्राचार्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, आधी मेडल पाहिजे, जिमखाना कमिटीतला एक जण म्हणतो हॉकी बंद करून कबड्डीवर जोर द्या, दुसरा म्हणतो बाहेरून चार-पाच तयार पोरींना ॲडमिशन देऊन आणा. मग तुझं फिटनेसचं शेड्यूल, ४-३-३ खेळवू का ३-३-३-१ (अगं नऊ पोरी प्रॅक्टिसला येतात आणि तू फॉर्मेशन काढतेस!), स्टिक किती, बॉल किती, केळी-अंड्यांना पैसे कुठनं आणू, टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान नाही. सगळं आहे. फक्त कीपर, गोल राखणारी, कोण आहे ते कुठंच नाही. शोधत शोधत खाली आलो तर शेवटी एक ओळ, "गोलमध्ये आलटून पालटून उभं करते."

तिथंच तुझे नऊ गोल आहेत.

आधी कीपर. हे मी तुला तू खेळत होतीस तेव्हाही सांगितलं होतं, पण तेव्हा तू फॉरवर्ड होतीस आणि फॉरवर्डला कीपर म्हणजे पॅड बांधलेलं फर्निचर वाटतं. आता तू कोच आहेस, आता तरी ऐक.

९-० नं हरलेली टीम दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. २-० नं हरलेली येते, आणि वर भांडत येते, की दुसरा गोल फाऊलवरनं होता, अंपायर झोपला होता, सेंटर हाफनं पास दिला नाही. मला ती भांडणारी टीम पाहिजे. नऊ आणि दोन यातला फरक तुझ्या फॉरवर्ड भरून काढणार नाहीत, त्यांच्यापर्यंत बॉलच जात नाहीये. तो फरक एकटी कीपर भरून काढते, आणि तेवढ्यावर पोरी टिकतात. त्या टिकल्या तर दोन वर्षांनी फॉर्मेशनबद्दल बोलू, मी स्वतः येईन खडू घेऊन.

दुसरं म्हणजे प्रॅक्टिस. रिकाम्या गोलमध्ये धडाधड मारलं की सगळ्यांना आपण ध्यानचंद वाटतो. मॅचमध्ये समोरनं पॅडवाली कोणी अँगल बंद करत पुढं आली की स्टिक उचलत नाही हात. तुझ्या पोरींनी वर्षभर जे मारलंय ते शूटिंगच नाही, कारण समोर कोणी नव्हतं.

आणि नियम बघ. पूर्वी नुसतं हेल्मेट आणि वेगळ्या रंगाचा शर्ट घालून एखादीला कीपरचे हक्क देता यायचे, ती पायानं बॉल काढू शकायची. २०१९ पासून ते गेलं. आता एकतर हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज अशा पूर्ण किटातली कीपर, नाहीतर अकराच्या अकरा साध्या खेळाडू, आणि साध्या खेळाडूनं डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉलला पाय लावला की शॉर्ट कॉर्नर, म्हणजे गोलच्या रेषेवरनं बॉल आत देऊन समोरच्यांना गोलवर मारायची संधी, गोल जात असताना लावला तर सरळ स्ट्रोक, म्हणजे समोर एकटी कीपर आणि एकटीनं मारायचा फटका. शॉर्ट कॉर्नरला कीपर धरून पाचच जणी मागे, उरलेल्या सेंटर लाइनच्या पलीकडे. पहिला फटका हिट असेल तर गोलच्या तळाच्या बोर्डाच्या वर, म्हणजे ४६० मिलीमीटरच्या वर जाता कामा नये, पण स्टिकनं ढकलून उचललेल्या फ्लिकला ती अट नाही, ती कुठंही जाऊ शकते, डोक्याच्या उंचीनंसुद्धा. दीडशे ग्रॅमच्या वरचा बॉल. आणि तू तिथं आलटून पालटून उभं करतेस. हे मी रागानंच लिहितोय.

आपल्याकडं हॉकी म्हटलं की गोल मारणाऱ्यांची नावं. १९२८ च्या ॲमस्टरडॅमला भारतानं किती गोल मारले ते सांगणारे भरपूर भेटतील, २९. पण भारतावर एकही झाला नाही, आणि गोलमध्ये उभा होता रिचर्ड ॲलन, जन्म नागपूरचा, हे नागपूरच्या लोकांनाही सांगावं लागतं. तीन ऑलिंपिक खेळला, तिन्ही मिळून त्याच्यावर दोन गोल झाले. त्यातला एक अमेरिकेनं मारला तेव्हा तो गोलमागे सह्या देत होता असं सांगतात, खरं-खोटं देव जाणे, पण स्कोअर २४-१ होता म्हणजे देत असेलही. शंकर लक्ष्मण घे. तोही भारताचा कीपर, मध्य प्रदेशातल्या महूचा माणूस, आधी फुटबॉल खेळायचा, नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत. ५६, ६० आणि ६४, तीन ऑलिंपिक. चौसष्टच्या फायनलला पाकिस्तानवर १-० नं जिंकलो, तो एक गोल सगळे सांगतात, शून्य कोणी राखला ते कोणी सांगत नाही.

भारताचा कीपर श्रीजेश, त्याचं तर तुझ्या डोळ्यादेखतचं. शाळेच्या स्पोर्ट्स होस्टेलला ॲथलेटिक्ससाठी गेलेला पोरगा, तिथं त्याला गोलमध्ये उभं केलं, किटसाठी वडिलांनी गाय विकली. टोकियो ऑलिंपिकला जर्मनीशी ५-४, शेवटच्या सेकंदांना शॉर्ट कॉर्नर त्यांना, आणि ४१ वर्षांनी आलेलं मेडल त्या एका सेव्हवर लटकलेलं. पॅरिसला ब्रिटनशी क्वार्टर फायनल, १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड, तिथनं पुढं दहा जण, तरी १-१ आणि शूटआउटला ४-२. फॉर्मेशन काय होती त्या दहा जणांची? सगळे मागे आणि मागे श्रीजेश, ही फॉर्मेशन.

टर्फचं रडू नकोस. मला कळतं, प्रॅक्टिस मुरमावर आणि मॅच टर्फवर, बॉलचा वेगच वेगळा, पहिली दहा मिनिटं पोरींचे पाय कुठं आणि बॉल कुठं. खरंय ते. पण धनराज पिल्ले पुण्यात खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत तुटक्या स्टिकवर शिकला हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थच विसरलोय. सातारा जिल्ह्यातनं अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ भारताच्या टीमपर्यंत गेल्या. तुझ्या हातात टर्फ नाही, किट आहे. जे हातात आहे त्याच्याबद्दल बोल.

आता त्या तयार पोरींचं. तुझ्या मनात तेच चाललंय, मेसेजमध्ये तू तटस्थ असल्याचं दाखवलंस पण मला वास येतो. फी माफ, होस्टेल माफ, मॅचच्या आधी तीन दिवस येणार, तुझ्या नऊ जणी बाकावर बसून टाळ्या वाजवणार. मेडल येईल, खोटं कशाला बोलू. भाड्याचा बँड लावून वरात दणक्यात निघते, संसार होत नाही. त्या पोरी ग्रॅज्युएट झाल्या किंवा दुसऱ्या कॉलेजनं जास्त दिलं की तुझ्याकडं फोटो आणि ट्रॉफी, आणि बाकावरच्या नऊ जणी तोवर घरी. मी त्या खेळाडू पोरींना नावं ठेवत नाही, त्यांनी पण आपलं बघायला नको का. पण आणायचीच असेल तर एक आण, आणि ती कीपर आण, या अटीवर की ती रोज मैदानावर येईल आणि एक ज्युनिअर तयार करेल. ही अट ऐकली की येणारी आपोआप गाळली जाते.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. आमच्या कॉलेजात मी वर्षाचं हॉकीचं जवळजवळ सगळं बजेट एका कीपर किटवर घातलं तेव्हा काय झालं ते तुझ्या सिनिअर्सना विचार. एका चांगल्या किटच्या पैशात अख्ख्या टीमला साध्या स्टिक येतात, हा हिशोब मला कमिटीत मोठ्यानं वाचून दाखवला. आमचा सेंटर फॉरवर्ड, ज्याच्या जिवावर सगळे उड्या मारायचे, तो नवीन स्टिक नाही म्हणून दुसऱ्या कॉलेजला गेला. जाऊ दिला. त्या वर्षी आम्ही हरलोच, पण एका गोलनं, आणि पुढच्या वर्षी सगळीच्या सगळी पोरं परत आली, पहिल्या दिवशी, न बोलावता. त्याच्या पुढच्या वर्षी झोनलच्या वरच्या पायरीला, इंटर झोनलला गेलो. मग हॉकी माझ्याकडनं काढून दुसऱ्याकडं दिली, त्यानं बाहेरची पोरं आणली, फोटो झाले, पेपरात आलं, आणि तीन वर्षांत टीमची एन्ट्रीच बंद झाली. ते किट मात्र स्टोअरमध्ये होतं, उंदरांनी फोम खाल्लेलं. मी बरोबर होतो. लोक म्हणतात सर अजून तेच धरून बसलेत, हो, बसलोय, तू मला विचारलंस म्हणून सांगतोय.

एक गोष्ट मात्र सलते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही. त्या टीमचा कीपर, शांत पोरगा, कधी मोठ्यानं बोलायचा नाही पण गोलमध्ये उभा राहिला की अख्खं मैदान त्याच्या आवाजावर चालायचं, "डावी मोकळी, डावी मोकळी", "मागे हो", "बॉल सोड". तिसऱ्या वर्षाला वडील आजारी पडले आणि तो चाकणला कंपनीत लागला, शिफ्टमध्ये. त्याच्या घरी गेलो होतो, त्याच्या आईनं चहा दिला आणि मी काही बोललोच नाही, काय बोलणार, माझ्याकडं पगार थोडाच होता द्यायला. तो मैदानावरचा आवाज गेला तशी टीम मुकी झाली. म्हणून म्हणतो, आधी कीपर, आणि एक नाही, दोन. गरिबाघरची पोरं खेळवणाऱ्यानं कायम दोन धरूनच चालायचं, कारण घरात कधी काय होईल सांगता येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर लग्न ठरतं मधेच.

कुठनं आणू म्हणशील. तुझ्या मैदानावर सकाळी पोलीस भरतीच्या पोरी पळतात ना? त्यातली गोळाफेकीला चांगली असेल तिला बघ. कबड्डीतली कॉर्नरला खेळणारी बघ, ती वाकून उभी राहते, समोरचीच्या पायावर नजर ठेवते, अंगावर आलेलं घ्यायला घाबरत नाही, अर्धं काम झालेलं आहे. जाड आहे म्हणून गोलमध्ये, पळता येत नाही म्हणून गोलमध्ये, हे धंदे बंद कर. आणि जिला तू निवडशील तिला सगळ्यांसमोर सांग की तू पहिली निवडलेली आहेस. सगळ्यात शेवटी उरली म्हणून उभी राहिलेली कीपर आणि सगळ्यात आधी नाव घेतलेली कीपर, या दोघी एकाच पॅडमध्ये वेगवेगळ्या उभ्या राहतात.

सुरुवातीला मुरमावर डाइव्ह मारायला लावू नकोस, कोपर सोलून निघेल आणि दुसऱ्या दिवशी आई येईल भांडायला. टेनिस बॉलवर सुरू कर, जवळनं, भराभर, डावीकडं-उजवीकडं. बॉल थांबवायला नाही, बाजूला काढायला शिकव, समोर थांबवलेला बॉल म्हणजे समोरचीला दिलेला पास. पोस्टला स्टिकनं टेकून आपण कुठं आहोत ते न बघता कळलं पाहिजे. आणि बोलायला लाव, पहिल्या दिवसापासून, बोलली नाही तर प्रॅक्टिस थांबव. आपल्या पोरींना मैदानात ओरडायची लाज वाटते, ती लाज कीपरची गेली की हळूहळू सगळ्यांची जाते. हेल्मेट आणि चेस्ट गार्डशिवाय एकही फटका नाही, "थोडंच खेळतोय" म्हणून पण नाही.

प्राचार्यांना मी फोन करायचा का असं तू विचारलंयस. नाही करणार. माझ्या फोननं तुझं काम होणार नाही, बिघडेल, मला ओळखतात ते. तू स्वतः जा, मेडलचं आश्वासन देऊ नकोस, एवढंच सांग की यावर्षी पाचच्या वर गोल खाणार नाही. हसतील. हसू दे, पण सही घे.

किटसाठी तीन कोटेशन लागतील, जालंधरच्या एकाचं मी मागवून देतो, मेरठचं तू बघ, तिसरं गावातल्या दुकानदाराकडनं घे म्हणजे फाइल पूर्ण होईल. मोठ्यांच्या साइजचं सरसकट घेऊ नकोस, पोरीची उंची बघून लेग गार्ड घे, ढिले पॅड घेऊन पळता येत नाही. किकरचे, म्हणजे बुटावर बांधायच्या पॅडचे, पट्टे जास्तीचे मागव, मुरमावर आधी तेच जातात. उजव्या-डाव्या हाताचे ग्लोव्ह्ज वेगवेगळे असतात, बिलावर दोन्ही लिहून घे, एकदा आम्हाला दोन्ही डावे आले होते. पैसे कमी पडले तर ट्रॅकसूट काप. पोरी कुरकुरतील, प्राचार्य म्हणतील फोटोत बरं दिसत नाही, तरी ट्रॅकसूटच काप.

दोघींची नावं ठरली की उंची आणि बुटाचा नंबर पाठव, सोमवारच्या आत, म्हणजे मी कोटेशनला लावतो.

— सर