मुलाला मोलस्कम झालंय, तालीम बंद करावी का?

तालीम बंद करू नका. फक्त कुस्तीची लढत थांबवा.

तुम्ही लिहिलंय की ९ वर्षांच्या मुलाच्या काखेत आणि बरगडीवर शिजलेल्या साबुदाण्यासारखे, मधोमध खळगा असलेले फोड आलेत, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘मोलस्कम कंटॅजिओसम’ लिहिलंय आणि शेजारचे चुना-सोडा लावा म्हणतायत. मी कोल्हापुरातच त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. चुना-सोडा कृपा करून लावू नका. चामखीळ समजूनच हा उपाय सांगतात, पण चामखीळ खरबरीत असते. हे फोड गुळगुळीत, साधारण २ ते ५ मिलिमीटरचे. मोलस्कम आपसूक गेलं तर बहुधा खूण राहत नाही. चुन्यानं भाजलेल्या कातडीवर मात्र डाग राहतो. लहान पोरांच्या अंगावर असे डाग पाहिले की फार वाईट वाटतं.

मोलस्कम हा देवीच्या विषाणूच्या कुळातला विषाणू आहे, पण तो कातडीच्या वरच्या थरातच राहतो. ताप नाही, अशक्तपणा नाही. निरोगी मुलांत बहुतेकदा ६ ते १८ महिन्यांत जातो, कधी जास्त वेळ घेतो. जाण्याआधी फोड लाल होऊन सुजतो, तेव्हा पालक घाबरतात. पुष्कळदा ती शरीराची लढाई सुरू झाल्याची खूण असते.

पसरतो तो अंगाला अंग लागून, एकच टॉवेल वापरून, आणि खाजवून फोडातला पांढरा गर दुसरीकडे लागून. म्हणून जोर, बैठका, दोर चढणं खुशाल चालू द्या. पट्टी लावून लढू द्यावं असं काहीजण सांगतात, पण घाम, तेल आणि लाल मातीत ती पट्टी टिकत नाही. पंचा आणि लंगोट त्याचाच वेगळा ठेवा. वस्तादांना मोकळेपणानं सांगा, लपवू नका: लागण झाल्यावर फोड दिसायला २ ते ७ आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात, तेव्हा इतर पोरांवरही त्यांची नजर हवी. शाळा बुडवायची गरज नाही.

लवकर मातीत उतरायचं असेल तर बधिर करणारं मलम लावून डॉक्टर फोड खरवडून काढतात किंवा गोठवतात. नंतर नवे येऊ शकतात, त्याची तयारी ठेवा.

पापणीवर फोड आला, किंवा मुलाला आधीपासून इसब असून फोड झपाट्यानं वाढू लागले, तर मात्र वाट न बघता दाखवा.