वाटाण्याएवढा पफर आणि २० लिटरची टाकी

तुला २० लिटरच्या टाकीत पफर, म्हणजे अंग फुगवणारा मासा, पाळायचाय ना? मग दुकानदार 'पफर' म्हणून काय देतोय ते आधी नीट बघ. हिरवा, ठिपक्यांचा असेल तर घेऊ नकोस; तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पुढे त्याला मचूळ पाणी लागतं. तुझ्या टाकीला पी पफर, म्हणजे वाटाण्याएवढा पफरच बरा. केरळातल्या नद्यांमधला हा मासा, जेमतेम ३ सेंटिमीटरचा, आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा. मीठ अजिबात टाकू नकोस.

पण एकच आण. जोडी आणायचा मोह मलाही झाला होता. दोन्ही नर निघाले आणि आठवड्यात एकाची शेपटी कुरतडलेली. गप्पी, कोळंबी वगैरे सोबतीला नकोच. झाडं मात्र दाट लाव, त्याला आडोसा हवा.

टाकी भरली की लगेच मासा सोडायचा नाही. फिल्टर चालू ठेवून, थोडा अमोनिया पुरवत चार-सहा आठवडे थांब, म्हणजे माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट संपवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढतात. पाण्याच्या चाचणीत हे दोन्ही शून्य दिसल्यावरच मासा आण.

खाण्याचे नखरे फार. कोरड्या दाण्यांकडे बहुतेक ढुंकूनही बघत नाहीत. गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) वितळवून चिमट्याने त्याच्यासमोर हलव. बारक्या गोगलगायी वेगळ्या बरणीत वाढव. गोगलगाय दिसली की तो थबकतो, डोळे वेगवेगळे फिरवतो आणि मग झडप! उरलेलं अन्न लगेच काढ, आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदल. खाऊनही पोट खपाटीला गेलेलं दिसलं तर जंतांची शंका घे. हे मासे बरेचदा नदीतून पकडलेलेच असतात.

आणि फुगवून दाखव म्हणून त्याला छेडू नकोस हं.