वाचकांचे प्रश्न : फिश टँकचा लाइट खरंच १८४ वॅट खातो का?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्याकडे दोन फुटी फिश टँक आहे, गप्पी, मॉली आणि थोडी झाडं. गेल्या महिन्यात नवीन एलईडी लाइट घेतला आणि नेमकं बिल वाढून आलं, त्यामुळे घरातले सगळे टँकच्या मागे लागलेत. लाइटवर १८ वॅट लिहिलंय पण अडॅप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट ०.८ अँपिअर, आउटपुट १२ व्होल्ट २ अँपिअर असं आहे. मित्र म्हणतो २३० गुणिले ०.८ म्हणजे १८४ वॅट, रोज १० तास धरले तर महिन्याला ५५ युनिट. हे खरं आहे का? माझ्याकडे मल्टीमीटर आहे, वायर मधे कापून करंट मोजू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यात आधी, वायर कापू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर मल्टीमीटर अँपिअरला लावून काम करायचं आणि शेजारी पाण्याने भरलेला टँक, हे मी कुणालाच करू देणार नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मल्टीमीटरमधे १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो, चुकून दोन्ही पिना फेज आणि न्यूट्रलला लागल्या की थेट शॉर्ट सर्किट होतं आणि ते तुमच्या हातात होतं. आणि तुमच्या कामासाठी त्याची गरजही नाहीये.

आता १८४ चं बघू. ०.८ अँपिअर हा अडॅप्टर जास्तीत जास्त किती ओढू शकतो तो आकडा आहे, तोही व्होल्टेज कमी म्हणजे १०० च्या आसपास असताना, त्याला २३० ने गुणून काहीच हाती लागत नाही. आउटपुटचे १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट, ही पण अडॅप्टरची क्षमताच, लाइट त्याच्याकडून लागेल तेवढंच घेतो. तुमचा लाइट १८ वॅटचा, अडॅप्टरमधे थोडी वीज उष्णता होऊन जाते ती धरून साधारण २१ वॅट म्हणा. २१ गुणिले १० तास गुणिले ३० दिवस भागिले १०००, म्हणजे ६.३ युनिट. कुठे ५५ आणि कुठे ६!

खात्री करायची असेल तर प्लगमधे लावायचा वॅटमीटर मिळतो, तो सॉकेटमधे, त्यात अडॅप्टर, झालं, पण विकत घेताना ग्राहकांनी दिलेले रिव्ह्यू बघा आणि वॅटचा आकडा वाचा, अँपिअर गुणिले व्होल्ट करत बसू नका, कारण स्वस्त एलईडीचा पॉवर फॅक्टर (म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा वाटा) कमी असतो आणि तो गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा बराच जास्त येतो, घरचं बिल मात्र खऱ्या वॅटवरच येतं. खर्च करायचा नसेल तर घरचा मीटरच वापरा. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा असाच दुसरा आकडा छापलेला असतो, म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, टँकचा फिल्टर सगळं बंद करून फक्त लाइट चालू ठेवा आणि अर्धा तास मोजा. ३२०० च्या मीटरवर २१ वॅटला ३३-३४ वेळा लुकलुकेल. झालं की फिल्टर आठवणीने परत चालू करा.

फिल्टरवरून आठवलं, तो १५ वॅटचा असला तरी २४ तास चालतो, महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे तुमच्या लाइटपेक्षा जास्त. थंडीत हीटर लावत असाल तर तो त्याहून जास्त खातो. जुनी ट्यूबलाइटची पट्टीही एलईडीपेक्षा जास्त खाते, १८ वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून २५ च्या वर जातात. वाढलेल्या बिलासाठी आधी दोन्ही महिन्यांचे युनिट आणि रीडिंगच्या तारखा जुळवून बघा, कधी कधी महिना जास्त दिवसांचा धरलेला असतो. आणि १०० युनिटच्या वर गेलात की पुढच्या युनिटचा दर चढतो, तेव्हा थोडे युनिट वाढले तरी रुपये जास्त वाटतात. लाइट ७-८ तास पुरे आहे, १० तासांत काचेवर शेवाळच धरतं, टायमर लावून टाका.

आता सुरक्षिततेचं, जे मला युनिटपेक्षा महत्त्वाचं वाटतं. टँकमधे हात घालायच्या आधी लाइट, फिल्टर, हीटर सगळ्याच्या पिना काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या घरात कधी कधी बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं आणि बटण बंद असूनही करंट आत पोचतो. वायर सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर टपकतं, बोर्डात शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खाली किंवा जमिनीवर नको, अडॅप्टर झाकणावर ठेवू नका, तिथे सतत वाफ असते. आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, ती जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडते आणि माणसाला मारायला त्याच्या कितीतरी पट कमी करंट पुरतो. आरसीसीबी असेल तर तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, दाबल्यावर पडली नाही तर लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवून बदलून घ्या, आणि नसेलच तर बसवून घेताना अर्थिंगही तपासायला सांगा.