घरात आहे, पण घरचं नाही

पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या लेखाचा अनुवाद करताना तुमची गाडी 'अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी'पाशी, म्हणजे देशाच्या ताब्यात असूनही त्यात पुरता सामावून न घेतलेल्या प्रदेशापाशी, अडली आहे. 'वसाहत' चालेल की 'सागरपार प्रदेश' म्हणू, असा तुमचा प्रश्न आहे.

मला दोन्ही पटत नाहीत. वसाहत म्हटलं की कोणीतरी येऊन वसलेलं असतं: पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत. अमेरिकेने १८९८च्या पॅरिस तहात स्पेनकडून पोर्तो रिको घेतलं तेव्हा तिथे आधीच भरली वस्ती होती. 'सागरपार' तर त्याहून फसवा. हवाईही सागरपारच, पण १९५९पासून ते पुरतं राज्य आहे. शिवाय समुद्र कुणाच्या अंगणातून मोजायचा? पोर्तुगालने १९५१मध्ये घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी 'सागरपार प्रांत' केलं. गोव्यातल्या पेडण्याच्या माणसाला सागरपार होतं ते लिस्बन. सावंतवाडी शेजारीच होती.

या शब्दाचा अर्थ खरा कळतो तो जकातीत. नोव्हेंबर १९००मध्ये सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आली. डाउन्स कंपनीने ६५९ डॉलर ३५ सेंट जकात निषेध नोंदवून भरली आणि ती परत मिळावी म्हणून कोर्टात गेली. म्हणणं सरळ होतं: जकाती सगळ्या अमेरिकेत एकसारख्या असाव्यात असं घटना सांगते, बेट अमेरिकेचं, मग ही जकात कसली? २७ मे १९०१ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीला रिकाम्या हाताने परत पाठवलं. गंमत अशी की त्याच दिवशी साखरेच्या दुसऱ्या खटल्यात, पोर्तो रिको हा 'परदेश' नाही म्हणून परदेशी मालाची जकात लावता येणार नाही, असाही निकाल दिला. साखर आली होती पोर्तो रिकोसाठीचा १९००चा खास कायदा होण्याआधी. संत्री आली त्यानंतर, आणि त्या कायद्याने नेहमीच्या दराच्या १५ टक्के जकात बसवली होती. म्हणजे परदेश नाही, पण स्वदेशही नाही. संत्र्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हाइट यांनी यासाठी जे इंग्रजी शब्द वापरले त्यांचं शब्दशः भाषांतर 'घरगुती अर्थाने परदेशी' होतं, आणि हसू येतं. मी 'घरात आहे, पण घरचं नाही' असं करेन.

आपल्या जुन्या दप्तरात 'स्वराज्य' (मराठ्यांचा स्वतःचा मुलूख) आणि 'मोगलाई' (बादशहाचा मुलूख) असा भेद आहे. १७१९च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई-सरदेशमुखीच्या वसुलीचा हक्क मराठ्यांना मिळाला, पण मुलूख बादशाहीच राहिला. पोर्तो रिकोत मुलूखच अमेरिकेचा, त्यामुळे 'मोगलाई' बसत नाही. 'मांडलिक' म्हणायला स्वतःचा राजा हवा. उरतो 'अंकित'. लेखात पहिल्यांदा 'असमाविष्ट प्रदेश' लिहा, कायद्याचा नेमका अर्थ तोच आहे. पण तो सारखा आला तर यादीतून नाव गळल्यासारखं वाटतं. पुढे 'अंकित प्रदेश' म्हणा.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात संत्र्यांवर 'आयातशुल्क' आहे, ते काढा. ही आयात होती की नव्हती, यावरच तर खटला! 'जकात' ठेवा. मूळ अरबी शब्द दानधर्माचा, पण मराठीत आला आणि नाक्यावर उभा राहिला. मुंबईत दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर २०१७पर्यंत जकात भरली जायची, आणि तो माल परदेशातून आला असं कोणी म्हणत नव्हतं.