वरच्या भाटाचा झोन बदलतोय, हरकत घेऊ का?

प्रश्न: गोव्यात मोपा विमानतळाजवळचे आमचे गाव. घराच्या वरच्या अंगाला उतारावर शेजाऱ्यांचे काजूचे भाट (बागायत) होते, ते बाहेरच्या माणसांनी घेतले. आता ती जमीन ऑर्चर्ड (बागायती) झोनमधून सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये नेण्याची सूचना राजपत्रात आली आहे. आमची विहीर बरोबर खाली. हरकतीचा उपयोग होतो का, की आम्हीही विकून मोकळे व्हावे? – एक भगिनी, पेडणे तालुका

उत्तर: ताई, विकायचे की नाही ते घरात सावकाश ठरवा. हरकत मात्र आधी नोंदवा. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातील झोनबदलाच्या कलम ३९-ए खाली सूचना निघाल्यापासून ३० दिवसच मिळतात.

'निसर्गाचा नाश होईल' एवढेच लिहू नका. नकाशांच्या कामात माझी हयात गेली. असली पत्रे फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. सर्व्हे नंबर घाला, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) जोडा. सर्व्हे प्लॅनवर विहीर, व्हाळ (ओहोळ) आणि पावसाचे पाणी उतरते ती वाट लाल पेनाने दाखवा. मे महिन्यात विहिरीला किती हात पाणी असते तेही लिहा. जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) पडलेला पाऊस मुरून खालच्या विहिरींना येतो. उतार कापून वर काँक्रीट घातले की तेच पाणी जूनमध्ये तुमच्या अंगणात येईल आणि मेमध्ये कळशी रिकामी राहील. उतार दहाला एक किंवा त्याहून चढा असेल तर डोंगरकापणीला त्याच कायद्याच्या कलम १७-ए प्रमाणे वेगळी परवानगी लागते, हा मुद्दा सोडू नका.

पेडण्यातल्या मुलांनाही घरे हवीत, गाव वाढणारच. पण रस्ता, सांडपाणी, कचरा यांचा एकत्र विचार न करता एकेक सर्व्हे नंबर उचलून नकाशावरचा झोनचा रंग बदलणे, याला मी नियोजन मानत नाही.

उपयोग होतो. 'प्रादेशिक आराखडा २०११' (२०११ सालापर्यंतच्या जमीनवापराचा आराखडा) लोकांच्या रेट्यामुळे सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. कलम १७(२) खालचे झोनबदलाचे नियमही उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले.

हरकत नगर नियोजन खात्यात द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. झोन बदलला तरी सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी) आणि पंचायतीचा बांधकाम परवाना बाकी असतो. तिथेही हेच कागद लागतील, म्हणून एक संच घरी ठेवा.